शाईवाले आत्माराम

मांडवीत कुणाचं लग्न ठरलं की हॉल मिळतोय का हे बघायच्या आधी आत्माराम मोकळे आहेत का ते बघायचं, अशी रीत होती. मच्छीमार सोसायटीतून निवृत्त झालेला हा कारकून लग्नपत्रिकांवर नावं घालायचा, तीही शाईच्या पेनानं. मान मोठा होता. चहा आणि कांदाभजी लग्नघरानं पुरवायची, आणि आत्माराम लिहीत असताना पंखा लावायची कुणाची हिंमत नव्हती.

बॉलपेनाचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. "या काडीनं अख्ख्या महाराष्ट्राच्या अक्षराची वाट लावली! जाड गेलं, बारीक गेलं. आणि दाबून लिहायचं म्हणजे काय, अक्षर आहे की कणीक?" त्यांची स्वतःची वेलांटी पुढच्या दोन अक्षरांवर छत्री धरून उभी असायची. बायको शकू वाण्याकडच्या स्वस्तातल्या बॉलपेनानं कॅलेंडरवर काही टिपायला लागली की "मुंग्या सोडल्यास कागदावर!" असं म्हटल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

पुतणीचं, रुपालीचं लग्न ठरलं, तेव्हा ती म्हणाली, "काका, नावांचे स्टिकर छापून घेते मी." आत्मारामांच्या ते जिव्हारी लागलं. घरच्याच लग्नात आपण बाद? त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा जवळजवळ हिसकावूनच आणला. "उद्या सकाळी वाटायला तयार. नाही झाल्या तर पुन्हा पेन हातात धरणार नाही!" बोलून बसले.

पाकिटं होती नव्या तऱ्हेची, गुळगुळीत, चकचकीत. अळवाच्या पानावर पाणी ठरावं तशी शाई त्यावर ठरत होती. आत्मारामांनी तरी नेटानं नावं घातली, पाकिटं एकावर एक रचली आणि वर वजनाला पाटा ठेवला. संध्याकाळी पाटा उचलून बघतात तर अर्धा गोतावळा एकाच निळ्या डागात नांदत होता.

नशिबानं रुपालीनं जादा पाकिटं दिली होती. काकांना ती ओळखून होती. शकूनं आपलं बॉलपेन आणलं.

"तुम्ही नुसती नावं सांगा."

"तुझ्या अक्षरात? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते लग्नाला येऊन म्हणतील."

"वेलांटी जरा मोठी घेतलीस तर..."

"अहो, नाव!"

जेवणं व्हायच्या आत पाकिटं तयार झाली.

सकाळी पहिलं घर गोदूबाईचं. म्हातारीनं पाकीट खिडकीशी धरलं, मोठ्यानं नाव वाचलं आणि ओरडलीच, "आत्मारामा, आज पैल्यांदा तुजं अक्षर वाचाय आलं रं!"

"म्हणजे? इतकी वर्षं?"

"इतकी वर्सं आमी नुसतं बगत होतो. देखणं हाय, नाय कोन म्हनतो? पन ल्हिवलंय काय ता कुनाला कळतंय! गेल्या साली शेजारणीची पत्रिका माज्याकडं दिलीस, मी जाऊन जेवून पन आले."

आत्मारामांनी हातातला पाकिटांचा गठ्ठा सावरला. 'हो, जरा पद्धत बदलली' एवढं म्हटलं असतं तरी मान राहिला असता. ओठांवर आलंही होतं. पण मग आदल्या संध्याकाळची शकू आठवली, चष्मा नाकावर घसरलेला, हात दुखला की झटकून पुन्हा लिहायला लागणारी, आणि 'काय झालं तुमच्या शाईचं?' असं एकदाही न विचारणारी. आपण हिच्या अक्षराला काय काय बोललो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"माझं नाही ते, गोदूबाई. शकूचं अक्षर आहे."

पुढच्या घरी कुणी विचारायच्या आतच त्यांनी ते सांगून टाकलं. तिसऱ्या घरी तर थोडी फुशारकीही मारली.

घरी आल्यावर कोणी कसं कौतुक केलं ते सगळं त्यांनी शकूला ऐकवलं. वाचता येण्याबद्दलचं तेवढं सोयीस्करपणे गाळलं. शकू मान डोलावत ऐकत राहिली. गोदूबाईचा फोन केव्हाच येऊन गेला होता.