फॉरमॅट न मारणारे भावजी

माझ्या धाकट्या दिरांच्या हाती सृष्टीचा कारभार असता, तर प्रलय कधी झालाच नसता. कुठे गळतंय ते बघून त्यांनी आभाळाचा तेवढाच पत्रा बदलला असता. अंबरनाथच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि 'नव्याने सुरू करू' असं कुणी म्हटलं की ते शिवी ऐकल्यासारखं बघतात. पत्त्यांचा डाव रंगात असताना वीज गेली, तर ते प्रत्येकाचे पत्ते नाव घातलेल्या पाकिटात ठेवत. पुढच्या रविवारी डाव तिथूनच पुढे. अंबरनाथ सोडून कुळगावला राहायला गेले तेव्हा जुन्या घराचा नकाशा काढून त्यांनी प्रत्येक वस्तू होती त्याच बाजूला लावली. कपाटाने अख्खी खिडकी झाकली. माझी जाऊ, बिचारी आता नाही, म्हणाली, "अहो, वारा कुठून येणार?" भावजी म्हणाले, "कपाट आपल्याकडे पंधरा वर्षं आहे. खिडकीची ओळख कालची." तो उन्हाळा आम्ही सगळ्यांनी कपाटाकडे बघत घाम पुसण्यात काढला.

मी तेव्हा लग्नाच्या मंगलाष्टका रचून, कॉम्प्युटरवर टाईप करून देत असे. अंबरनाथपासून चामटोलीपर्यंत माझ्या काव्याला मागणी होती; फुकट मिळालं की काव्यालाही मागणी असते. हे सगळं ज्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये होतं, ते बनवणारा माणूस दुकान बंद करून कुठे गेला देव जाणे. "वहिनी, सॉफ्टवेअरची ही सीडी जिवापलीकडे जपा," असं भावजींनी बजावलं होतं. जपली की! गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांवर कबुतरं यायची, म्हणून घरातली सगळ्यात चकचकीत सीडी शोधून मी ती दोरीला टांगली. चाळिशीतली ती बाई, म्हणजे मीच, स्वतःला फार हुशार समजायची. कबुतरं सीडीत तोंड बघून आणखी नटून येऊ लागली, आणि सीडी उन्हाने तडकली. म्हणजे आता ते सॉफ्टवेअर जगात फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये, आणि माझ्या मंगलाष्टका फक्त त्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणार.

गेल्या वर्षी चामटोलीच्या एका मुलीचा फोन आला. "आजी, माझ्या आईच्या लग्नात तुम्ही म्हटलेल्या मंगलाष्टकाच मला माझ्या लग्नात हव्यात. तो कागद पुरात गेला." मी ऐटीत म्हटलं, "अगं, त्यात काय! लग्न कधी? रविवारी ना? मीच येऊन म्हणते." आणि कॉम्प्युटर लावला, तर दहा मिनिटांत डोळे मिटून गप्प. परत लावला, परत दहा मिनिटं.

भावजी आणि मी ते धूड रिक्षात घालून उल्हासनगरला, कॅम्प चारला नेलं. सिंधी दुकानदाराने झाकण उघडून दाखवलं: मदरबोर्डावरची छोटी डबडी पुऱ्यांसारखी फुगली होती. "आंटी, बोर्ड खलास. जुना सेकंडहँड देतो मी, पण फॉरमॅट मारावं लागेल. सगळं पुसून विंडोज नवीन टाकू, एकदम साफ!"

"साफ?" भावजी म्हणाले. "शेठ, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, तर तिला परत बाराखडी शिकवता काय तुम्ही?"

"अरे साईं, नाय चालणार. निळा पडदा येऊन मशीन अडेल."

"येऊ दे. बोर्ड द्या फक्त."

घरी आल्यावर त्यांनी आधी अख्ख्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर नक्कल करून घेतली. मग उघड्या बोर्डावर टेबलफॅन लावला, आणि आयुष्याची जी दहा-दहा मिनिटं मिळतील त्यात विंडोजला जुना बोर्ड विसरायला लावलं. त्या बोर्डाशी बोलणारे ड्रायव्हर नावाचे प्रोग्राम एकेक काढले, आणि डिस्कला कुठल्याही बोर्डावर चालेल असा साधा ड्रायव्हर दिला. मशीन बंद केलं, नवा बोर्ड बसवला. मी देवापुढे दिवा लावला. बटण दाबलं. निळा पडदा!

"झालं," मी म्हटलं. "त्या पोरीला आता काय तोंड दाखवू?"

"वहिनी, दिव्यात तेल घाला नि गप्प बसा."

त्यांनी बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्कची नवी पद्धत काढली, जुनी लावली. पुन्हा बटण. या खेपेला विंडोज आली. आधी भलीमोठी अक्षरं, मग 'नवीन वस्तू सापडली, नवीन वस्तू सापडली' असं नव्या नवरीसारखं घरभर बघत बसली. आणि सॉफ्टवेअर उघडलं. मंगलाष्टकाही उघडल्या. वाचून मला घाम फुटला! शार्दूलविक्रीडित वृत्ताचे चारही पाय लंगडे, आणि नवऱ्याच्या नोकरीचं यमक भाकरीशी जुळवलेलं. "थोडं सुधारते," मी म्हटलं. भावजींनी कीबोर्डच काढून घेतला.

रविवारी चामटोलीच्या मांडवात मी त्या लंगड्या ओळी माईकवर म्हटल्या. भाकरीपाशी मांडव हसला. अक्षता पडल्यावर नवरीची आई माझ्याजवळ आली, डोळे पुसत म्हणाली, "काकू, माझ्या लग्नात मला यातला एक शब्द ऐकू आला नव्हता. छाती इतकी धडधडत होती! आज पहिल्यांदा ऐकल्या."

भावजी शेजारीच उभे होते. त्यांच्या लग्नातही मंगलाष्टका मीच म्हटल्या होत्या. ते अंतरपाट घडी करणाऱ्यांकडे बघत होते.

"वहिनी, आमच्या हिलाही तेव्हा ऐकू आल्या नसतील का हो?"

"नसतीलच," मी म्हटलं. "बरंच झालं. फार वाईट होत्या."

ते हसले. मूठ मात्र उघडली नाही. आतल्या अक्षता टाकायच्या राहूनच गेल्या होत्या.