यमुनाबाईंची पापणी

यमुनाबाई बोलायला लागल्या की उजव्या डोळ्याची वरची पापणी दोन बोटांनी उचलून धरायच्या. समोरच्याला वाटायचं, डोळ्यात काही गेलंय. पण त्यांच्या पापणीचे केस आत वळले होते आणि डोळा मिटला की ते बुबुळावर घासायचे. "कुसळ गेल्यावानी हुतं बाई, अन् कुसळ काय निघत न्हाई," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

बहात्तरच्या दुष्काळात मी पाथर्डीकडच्या एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. यमुनाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायच्या. दिवसभर दगडाची भुकटी डोळ्यांत जायची. पापण्या सुजलेल्या, कडांना खपल्या, आणि खाज अशी की पदरानं डोळे चोळणं थांबायचंच नाही. मी पापणी उलटून पाहिली. आत जुन्या खुपऱ्यांचे, पापणीच्या आत उठणाऱ्या पुरळाचे, पांढरे वण होते. त्या वणांनीच पापणी आत ओढली होती.

नवरा वारलेला, मूलबाळ नाही. घरात सासू, याच रोगानं आंधळी होऊन अंथरुणाला खिळलेली. बाकीचं गाव ऊसतोडीला कोल्हार-बेलापूरकडं जायचं, तेव्हाही यमुनाबाई सासूपाशी मागं राहायच्या.

मी मलम दिलं आणि सांगितलं, "डोळे रोज स्वच्छ पाण्यानं धुवा. दोघींचं फडकं वेगळं ठेवा."

त्या थोडं हसल्या. "टँकर दोन दिसाआड येतो. अंगावर हाय तेवढंच लुगडं. येगळं फडकं कुठून आनू?"

दवाखान्यातलं जुनं कापड फाडून मी दोन तुकडे दिले. पाण्याचं मला काही करता आलं नाही.

दर पंधरवड्याला मी चिमट्यानं ते आत वळलेले केस उपटायची. ते पुन्हा उगवायचे. डॉक्टर म्हणाले, पापणीचं ऑपरेशनच हवं, नगरला आठ दिवस राहावं लागेल.

"म्हातारी माज्याच हातचं खाती," यमुनाबाई म्हणाल्या. मी रागावले तर म्हणायच्या, "आंधळ्या मानसाला टाकून आपलं डोळं करून घ्यायचं, हे मला न्हाई जमायचं."

पुढे लस टोचायच्या कामाला मला दीड महिना दुसऱ्या गावांत पाठवलं. परत आले तेव्हा त्या दवाखान्याच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी नव्हते म्हणून शेजारणीकडून काटा काढायच्या चिमट्यानं केस काढून घेतले होते. ते मधेच तुटले आणि राठ खुंट बुबुळाला टोचत राहिले. जखम झाली, पू धरला, बुबुळावर पांढरं फूल पडलं. उजवा डोळा गेला.

डाव्या पापणीचे केसही वळायला लागले होते. या वेळी मी एवढंच विचारलं, "हाही गेला तर सासूबाईंना भरवणार कोण?"

त्या ओट्यावरून उतरून घराकडं निघाल्या. मग शेजारणीवर सासूला सोपवून नगरला गेल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. डावा डोळा वाचला. पण म्हातारीनं शेजारणीच्या हातचा घास घेतलाच नाही. पाचव्या दिवशी ती गेली. यमुनाबाईंना ते कळलं एस्टीतून उतरल्यावर.

मी भेटायला गेले. सासूचं अंथरूण अजून तसंच पसरलेलं होतं. यमुनाबाई म्हणाल्या, "तुमी सांगितलं ते खरं हुतं, बाई. अन् मी म्हनत हुते तेबी खरं हुतं."

मग पदर खोचून त्या अंथरूण गुंडाळायला उठल्या. मी दुसरं टोक धरलं.