आमची गाडी

मी फारसं काही लिहीत नाही. नाशिकला सोसायटीच्या नोटिसा लिहायचो, त्याही सेक्रेटरी दुरुस्त करून लावायचे. आता आखातात, दोह्यात मुलाकडे, नंदूकडे असतो. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर फ्रान्सिस तुस्कानो राहतो. त्याच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं फार दिवस मनात आहे. नीट जमेल असं वाटत नाही, पण लिहितो.

फ्रान्सिस वसईचा. पन्नाशी ओलांडलेला, एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये नोकरीला. बायको मर्सी नर्स, मुलगी ऑलिव्हिया अकरावीत. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की हा भिंतीला चिकटून उभा राहतो. मला मराठी बोलायला कुणीतरी हवं होतं आणि त्याला फार न बोलणारा माणूस चालत होता, एवढ्यावर आमची ओळख झाली.

ओळख झाली तरी त्याने मागची खोली मला बरेच महिने दाखवली नव्हती. शेवटी मर्सीनेच दार उघडलं. म्हणाली, "काका, बघा तर खरं. लोकांचे नवरे गावाला बंगला बांधतात, माझा ट्रक बांधतो."

खोलीत एक लांब फळी होती आणि तिच्यावर जुन्या चादरीचा पडदा. फ्रान्सिसने तो बाजूला सारला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. आत ट्रक उभे होते, हातभरापेक्षा लहान. खऱ्या ट्रकच्या चोविसाव्या हिश्शाचे, असं त्याने हळूच सांगितलं. सुरुवातीला तो दुकानातून तयार सुट्या भागांचे डबे आणून जोडायचा. मग त्यांत फेरफार करू लागला, कुणाची केबिन लांबव, कुणाला मागे क्रेन लाव. पुढे डबे आणणंच सुटलं. पातळ प्लास्टिकचं पान कटरने कापून तो सगळंच हाताने करू लागला. आरशांना चिप्सच्या पाकिटाची आतली चकचकीत बाजू. खिडक्यांना नव्या शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण. एका ट्रकच्या रबरी पाइपसाठी त्याने मुदत संपलेल्या सलाइनची नळी वापरली होती, आणि ती घरी नेण्याआधी साहेबांची परवानगी काढली होती.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर कुणी घरी आलं की पडदा खाली. कुणी विचारलंच, तर तो सांगायचा की ऑलिव्हियाचं शाळेचं प्रोजेक्ट आहे. त्यावर ऑलिव्हिया चिडायची. "डॅड, आय ॲम सिक्स्टीन," म्हणायची.

मी एकदा विचारलं की हे ट्रकचं वेड आलं कुठून. तो म्हणाला, "आमची गाडी होती ना, काका. वसईला." मर्सीनेही दुजोरा दिला. सासऱ्यांचा ट्रक होता, केळी आणि भाजी मुंबईला जायची. दोह्यात वसईच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. फ्रान्सिस मात्र खाली बघत कटरचं पातं पुसत होता.

आमच्या बिल्डिंगला नळाचं पाणी कमी पडलं की टँकर येतो. तो टँकर शफीक चालवायचा. पेशावरकडचा, दाढी पांढरी झालेला, मोठ्याने हसणारा. टाकी भरेपर्यंत तो सावलीत बसायचा आणि फ्रान्सिस गॅलरीतून टँकर बघत राहायचा. टँकर कंपनीचा होता, पण शफीक कधीही कंपनीची गाडी म्हणाला नाही. "मेरी गाड़ी आज गरम हो गई," असंच म्हणायचा. ते ऐकलं की फ्रान्सिस का कुणास ठाऊक, आत निघून जायचा.

या वर्षी शफीकने सांगितलं की आता खलास, कायमचा गावी चाललो. फ्रान्सिसने त्याच्यासाठी टँकरची प्रतिकृती करायला घेतली. केलेला ट्रक दुसऱ्याला द्यायची त्याची ही पहिलीच वेळ. टाकीसाठी प्लंबिंगचा पाइप गरम पाण्यात नरम करून दोन फळ्यांमध्ये दाबला, तेव्हा तो हवा तसा लंबगोल झाला. मागची शिडी, गंजलेला मडगार्ड, बंपरवरचा पोचा, सगळं हुबेहूब. चालकाच्या बाजूचं दार तर उघडायचंसुद्धा. ऑलिव्हियाने फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. मर्सीने टोमणे थांबवले आणि शफीकला द्यायला बिर्याणी करायचं ठरवलं.

त्या दिवशी पार्किंगमध्ये आम्ही बरेच जण जमलो होतो. वॉचमन मधु होता, नंदू आणि सून मालविका होते, वरच्या मजल्यावरची दोन कुटुंबं होती. फ्रान्सिसने खोकं उघडून टँकर शफीकच्या हातात दिला. शफीकने तो उजेडात धरला, टाकीवरून बोट फिरवलं. मग कुठलाही ड्रायव्हर करेल तेच त्याने केलं. आपली जागा बघायला डाव्या खिडकीतून आत डोकावला. बराच वेळ बघत राहिला.

"साहब," तो म्हणाला, "इसमें मैं किधर बैठूँ?"

स्टिअरिंग उजवीकडे होतं. आपल्याकडे असतं तसं. इथे सगळी वाहनं डाव्या बाजूला बसून चालवतात. फ्रान्सिस स्वतःची गाडी इतकी वर्षं तशीच चालवतो.

लोक हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. शफीकही हसला आणि म्हणाला की चलेगा, हमारे गाँव में ऐसा ही होता है. ऑलिव्हिया तेवढी हसली नाही. "डॅड, हाउ कुड यू नॉट नो?" तिने विचारलं. फ्रान्सिसने टँकर परत खोक्यात ठेवला, दुरुस्त करून देतो असं पुटपुटला आणि जिन्याने घरात गेला. बिर्याणी मर्सीनेच दिली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. त्याने केबिनचं छप्पर कापून काढलं होतं आणि नुसता बसला होता. म्हणाला, "बाहेरचं सगळं मी मोजलं, काका. आत कधी चढलोच नाही. चढू का, असं विचारायची लाज वाटली. आतलं मग आठवणीतून केलं."

"वडिलांच्या ट्रकच्या?"

त्याने मान डोलावली. मग जे बोलला ते माझ्याकडे न बघता बोलला. ट्रक एका शेठचा होता. वडील ड्रायव्हर होते. ते सरळ मनाने म्हणायचे, माझी गाडी. सगळेच ड्रायव्हर म्हणतात. कॉलेजात हाही म्हणाला, आमची गाडी. समोरच्याने मालकीची समजली आणि याने समजू दिली. मर्सीच्या माहेरी तेच, इथेही तेच. खोटं असं एकदाही बोललो नाही, म्हणाला, आणि तेच जास्त लागतं. काल मुलीने विचारलं तेव्हा उत्तर एका वाक्याचं होतं, पण तोंडातून निघालं नाही.

मी त्याला चिमटा उचलून दिला.

शफीकची शेवटची खेप आली तेव्हा टँकर तयार होता. स्टिअरिंग डावीकडे गेलं होतं. उघडणारं दार मात्र उजवीकडेच राहिलं, ते हलवायचं तर अख्खी केबिन नव्याने करावी लागली असती. फ्रान्सिसने ही चूक शफीकला आधीच सांगून टाकली. शफीकने ते छोटं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"ये तो बाजूवाले का दरवाज़ा है," तो म्हणाला. "यल्ला, चलो, बैठो."

आणि त्याने खऱ्या टँकरचं उजवं दार उघडून धरलं.

फ्रान्सिस ऑफिसच्या कपड्यांत होता. खाली मर्सी, ऑलिव्हिया, मी आणि मधु उभे. तो नाही नाही म्हणत राहिला, मग पायरीवर पाय ठेवला. पहिल्यांदा घसरला, दांडा धरून चढला. पण आत जाताच त्याचा डावा हात न बघता वर गेला आणि छताला धरायची कडी शोधू लागला. ती आपल्याकडच्यासारखी डावीकडे नव्हतीच, इथे उजव्या दाराशी होती. शफीकने ते पाहिलं.

"आप पहले बैठे हो," तो म्हणाला. "किसकी गाड़ी थी?"

खिडक्या उघड्या होत्या. मला खालून फ्रान्सिसचा फक्त कान दिसत होता, लाल झालेला.

"हमारी गाड़ी थी," तो म्हणाला. पाणी टाकीत पडत असल्याचा आवाज येत होता. "नहीं. शेठ की थी. मेरे पिताजी चलाते थे."

शफीकला यात काही विशेष वाटलं नाही. "अच्छा, ड्रायव्हर थे," म्हणाला आणि स्टिअरिंगवर थाप मारून कौतुकाने हसला. ऑलिव्हियाने आईकडे पाहिलं. मर्सीच्या हातात शफीकने परत आणलेला बिर्याणीचा रिकामा डबा होता, तो तिने या हातातून त्या हातात घेतला. फ्रान्सिस बराच वेळ उतरलाच नाही.

शेवटी मर्सी टँकरच्या पायरीजवळ गेली.

"उतर खाली," ती म्हणाली. "शर्टाला ग्रीस लागलंय."

तो उतरला. शर्टाकडे बघत राहिला, तिच्याकडे नाही. त्यांच्या घरात नंतर काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा चर्चचे पाहुणे बसले होते आणि पडदा खालीच होता.

हे लिहू का, असं मी फ्रान्सिसला विचारलं. तो म्हणाला, "लिहा, पण नाव बदला, काका." मी बदललं. काही दिवसांनी लिफ्टमध्ये भेटला, भिंतीला चिकटूनच उभा होता. त्याचा मजला आल्यावर म्हणाला, "नाव राहू द्या. आणि बाबांचंही घाला."

त्यांचं नाव इनास तुस्कानो. ते ट्रक चालवायचे.