गच्चीवरचा सरपंच

आधीच सांगून टाकते, काटेरी झाडांशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मी संघमित्रा गजभिये, नाहूरच्या आमच्या सात मजली सोसायटीची सेक्रेटरी. नऊ वर्षं झाली, दुसरं कोणी तयारच होत नाही म्हणून मी. या नऊ वर्षांत सगळ्यात जास्त नोटिसा मी कोणाला काढल्या असतील, तर पाचव्या मजल्यावरच्या श्यामकांत पेडणेकरांना. विषय दरवर्षी तोच: गच्चीवरील कुंड्या हटवणेबाबत. ते नोटीस घ्यायचे, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचे, आणि नवीन कुंडी भरताना तळाच्या भोकावर ठेवायचे, माती गळू नये म्हणून. माझ्या डोळ्यांदेखत! वर म्हणायचे, "कागद चांगला असतो हां तुझा, मित्रा."

असा माणूस डोक्यात जाणार नाही तर काय?

श्यामकाका मूळचे देवगडकडचे. वडील परळला गिरणीत होते, यांनी मात्र लिफ्टचं काम धरलं. छत्तीस वर्षं लिफ्ट मेकॅनिक. लिफ्टचं मशीन असतं गच्चीवर, त्यामुळे घाटकोपरपासून वांद्र्यापर्यंत किती गच्च्या या माणसाने पाहिल्यात त्याला गणती नाही. आणि जवळजवळ प्रत्येक गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, एखादा निवडुंग पडलेला असायचा. कोणीतरी हौसेने घरात आणलेला. मग दुसरं कोणीतरी येऊन सांगणार की काटेरी झाड घरात असलं की नवराबायकोत भांडणं होतात. झालं, निघाली कुंडी गच्चीवर! काका विचारून ती घेऊन यायचे. खांद्याला हत्यारांची पिशवी, आत पाने-पक्कड, आणि वर वर्तमानपत्रात गुंडाळलेला निवडुंग. जानकीकाकू म्हणतात, "आमच्याकडे सगळी टाकून दिलेलीच मंडळी आहेत. भांडणं तेवढी व्हायची ती आधीपासूनच होत होती."

त्या गच्च्यांवर काकांना एक गोष्ट लक्षात आली. टाकीमागे फेकलेली, उन्हापावसात उघडी पडलेली झाडं टणटणीत असायची. आणि खिडकीच्या काचेआड लाडाने पाणी पाजलेली कुजून बसायची. तेव्हापासून त्यांची पद्धत ठरली. माती नावाला, बाकी विटांचा चुरा आणि बारीक खडी. कुंडी दोन विटांवर, खालून वारा खेळला पाहिजे. पावसाळ्यात प्रत्येक कुंडी जराशी कलती करायची, पाणी साचू द्यायचं नाही. मे महिन्यात फार तापलं तर पंधरा दिवस काकूंची जुनी मच्छरदाणी वर ताणायची. बस. छप्पर नाही, प्लास्टिक नाही. एकशे दहा कुंड्या, आणि सगळ्या उघड्यावर मजेत.

त्यात एक होता सरपंच.

तो गोल, हिरवा, लहान कलिंगडाएवढा. या जातीचं असं असतं की झाड वर्षानुवर्षं नुसतं गोलच राहतं आणि पुरतं वयात आलं की डोक्यावर लाल-पांढऱ्या लोकरीची टोपी धरतं. त्या टोपीतून इवली गुलाबी फुलं येतात. काकांनी तो बियांपासून वाढवलेला, संग्रहातलं हे एकच झाड टाकून दिलेलं नव्हतं. चौदा वर्षं त्याला ते 'उमेदवार' म्हणत होते. गेल्या वर्षी डोक्यावर लोकर दिसली तशी स्वारीने सातही मजल्यांवर पेढे वाटले. "आपलो उमेदवार सरपंच झालो!" मी पेढा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी नोटीस काढली. कायदा तो कायदा.

या वर्षी गणपतीला काका-काकू नेहमीसारखे गावी निघाले. जाताना काकांनी गच्चीची चावी माझ्याकडे दिली. "मित्रा, काय्येक करू नको हां. पाणी नाय, छप्पर नाय, माया नाय. नुसती नजर ठेव."

"मला काय हौस आहे का तुमच्या काट्यांची?" मी म्हटलं.

आणि तिथेच माझी वाट लागली. चौथ्या दिवशी असा काही पाऊस कोसळला की विचारू नका. मी टाकी बघायला वर गेले. बघते तर सरपंच उभा, टोपी निथळतेय, अंगावर सरीवर सरी. सांगायला लाज वाटते, पण माझं काळीज हललं. म्हटलं, बिचारा! माणूस विश्वासाने सोपवून गेलाय आणि मी छत्री घेऊन बघत उभी. आमच्या वॉचमनला, खंडूला, हाक मारली. खाली निळी ताडपत्री पडलेली होती. दोघांनी मिळून अख्ख्या एकशे दहा कुंड्या झाकल्या, कडेने विटा ठेवल्या, नायलॉनच्या दोरीने आवळून बांधलं. वारा शिरेल तर शपथ! फोन करून सांगितलं नाही. म्हटलं, आले की बघतील, म्हणतील मित्राने काय सांभाळलंय.

दोन दिवसांनी ऊन पडलं. कसलं ऊन, अंगाची काहिली. आणि मी? मी पंपाच्या दुरुस्तीत अडकलेली. ताडपत्री तशीच. आठव्या दिवशी आठवण झाली, धावत वर गेले, दोरी सोडली. आतून इडलीच्या भांड्यासारखी वाफ अंगावर आली, आणि मागोमाग कुबट वास. नऊ झाडं गेली होती. सरपंचाला मी हळूच बोट लावलं. बोट आत गेलं, पिकलेल्या चिकूत जावं तसं.

मी तिथेच खाली बसले. अहो, चौदा वर्षं! मी त्या माणसाचं चौदा वर्षांचं वाटोळं केलं होतं, तेही माया करून. काका परवा सकाळी येणार होते.

खरं तर सरळ फोन करायचा. पण मी आयुष्यात कोणाची माफी मागितलेली नाही, माझ्या नवऱ्याला विचारा. मी काय केलं, तर मुलुंडच्या नर्सरीत गेले. "टोपीवाला निवडुंग द्या." तिथल्या माणसाने एक दिलं, खाली हिरवी दांडी, वर लालभडक गोळा. मला वाटलं, लाल म्हणजे टोपीच की! ते सरपंचाच्या कुंडीत रोवलं. खऱ्या सरपंचाला मात्र कचऱ्यात टाकवेना. घमेल्यात घालून माझ्या बाल्कनीत ठेवला.

काका आले ते बॅग ठेवून थेट गच्चीवर. मी मागे. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली, रिकाम्या कुंड्या पाहिल्या, मग त्या कुंडीपुढे वाकले.

"अगो मित्रा," ते म्हणाले, "सरपंचान केस रंगवल्यान काय?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. सगळं सांगितलं. ताडपत्री, दोरी, पंप, नर्सरी. "चुकलं माझं, काका. माफ करा." बोलले एकदाची. काका ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते "आण बघू त्याका" म्हणाले.

घमेलं आणलं. त्यांनी चाकूने टोपी अलगद कापली, लोकर बाजूला केली. आत तीन गुलाबी फळं होती, छोट्या मिरच्यांएवढी. खाली सगळा चिखल, पण ती फळं टवटवीत. एक चिरलं तर आत काळ्या बिया, खसखशीहून जराशा मोठ्या.

"बिया आहेत!" मी जवळजवळ ओरडलेच. "पेरा ना!"

काकांनी फळं रुमालात बांधून खिशात टाकली. "पेरून काय करू गो? मी एकोणसत्तर वर्षांचो. आणखी चौदा वर्षांनी टोपी येतली. ती बघूक मी खय आसतलंय?"

आणि गेले खाली. झाड मेलं ते एक वेळ ठीक, पण हा माणूस असं बोलणारा नव्हता. पुढचे पंधरा दिवस काका गच्चीवर फिरकले नाहीत. मी रोज विचारायची, "पेरल्या?" काकू नुसती मान हलवायच्या. "रुमाल तसाच आहे कपाटावर." शेवटी मला रागच आला. त्यांचा नाही, त्या 'खय आसतलंय'चा!

सप्टेंबरअखेर सोसायटीची वार्षिक सभा. सगळे जमले, काका नेहमीप्रमाणे मागच्या खुर्चीत, हाताची घडी घालून. त्यांचा नियमच होता, मी कुठलाही ठराव मांडला की विरोधात हात. पाण्याचा असो, पार्किंगचा असो, एकदा तर माझ्याच अभिनंदनाचा! मी उभी राहिले आणि वाचलं.

"ठराव क्रमांक सहा. गच्चीचा दक्षिणेकडील कोपरा श्री. श्यामकांत पेडणेकर यांना निवडुंग लावण्यासाठी चौदा वर्षांकरिता देण्यात येत आहे. अट पहिली, ताडपत्री वापरण्यास सक्त मनाई, विशेषतः सेक्रेटरीस."

सभागृहात हशा. मी काकांकडे न बघता पुढे वाचलं.

"अट दुसरी. या मुदतीत दरवर्षी वार्षिक सभेत श्री. पेडणेकर यांनी स्वतः हजर राहून रोपांची प्रगती सांगायची आहे. प्रतिनिधी चालणार नाही. चौदाव्या वर्षी टोपी सभेपुढे सादर करायची आहे."

हसणं थांबलं.

"ठरावाच्या बाजूने हात वर करा," मी म्हटलं.

भराभर हात वर झाले. मी मोजत मोजत मागच्या खुर्चीपर्यंत आले. काका खाली मान घालून बसले होते. घडी सुटली. मग त्यांचा हात वर गेला, हळूहळू, पण पार डोक्याच्या वर. नऊ वर्षांत पहिल्यांदा. जानकीकाकूंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून जीभ दाखवली, का ते त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. काका उभे. शर्टाच्या खिशात तो रुमाल, आणि ठरावाची प्रत चार घड्या घालून.

"कागद भोकावर ठेवणार असाल तर याद राखा," मी म्हटलं.

"नाय गो. ह्यो फ्रेम करूचो आसा." ते जरा घुटमळले. "चायची जुनी गाळणी आसा काय तुझ्याकडे? वाळू चाळूची आसा."

मी आत गेले आणि नवी कोरी गाळणी आणून त्यांच्या हातात ठेवली.