एकादशीला दोष नको

कुंभकोणमच्या पेठेत व्यंकोजी डोक्यावर पितळेची भांडी घेऊन विकत फिरे. त्याचे आजोबा तंजावरच्या दरबारात जासूद होते, म्हणजे पायी धावत खलिते पोचवायचे. कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं, दरबार बुडाला आणि घरात उरली ती नुसती बढाई. बढाईवर चूल पेटत नाही, म्हणून भांडी.

राणीच्या जुबिलीच्या वर्षी कलेक्टरसाहेबाला हुक्की आली. तंजावरहून धावत निघायचं आणि सूर्य बुडायच्या आत कुंभकोणमचं महामहम् तळं गाठायचं. पंचवीस मैल! शर्यत सुटणार भर दुपारी, कारण साहेबाचं जेवण आधी उरकायला हवं. बक्षीस शाल. व्यंकोजीला शालीशी कर्तव्य नव्हतं. मराठे आता आजोबांच्या गोष्टी सांगण्यापुरतेच उरले, असं म्हणून गाव हसे. ते तोंड त्याला बंद करायचं होतं.

दिवस नेमका एकादशीचा निघाला. त्याच्या घरात त्या दिवशी पाण्याचा थेंबही घेत नसत. बायको भागीरथी म्हणाली, "वाटेंत ताक तरी घ्या, विठ्ठल रागवायचा नाहीं." त्यानं ऐकल्यासारखं केलं आणि कोरड्या घशानं धावला.

तिरुवलंचुळीला, देवळाच्या अलीकडे, तो कोसळला. तळं चारच मैलांवर आलं होतं. टपालाचा हरकारा शंकरनारायण त्याला ओलांडून गेला आणि उजेडातच पोचला. व्यंकोजी आला बैलगाडीतून, गवतावर आडवा. मग शरमेनं भिंतीकडे तोंड करून पडला तो उठेचना.

भजनमठाचे शेषाद्रीबुवा समाचाराला आले, मठाची शाल घेऊन. "व्यंकोजी, तूं हरला नाहींस. निर्जळ उपासानें पाय गेले. व्रत राखलेंस तें देवानें पाहिलें. ही घे."

शेजारीपाजारी माना डोलवू लागले. मला या असल्या समजुतीची चीड येते. पडलेल्या माणसाला उठवायचं सोडून आपण त्याच्या अंगावर देवाचं पांघरूण घालतो.

व्यंकोजी उठून बसला. "एकादशीस दोष लावूं नका, बुवा. बँड वाजला, लोक पाहात होते, मज मस्ती चढली. आरंभासच सगळ्यांच्या पुढें उधळलों. श्वास तोंडास आला कीं चाल उतरव, असें आजोबा सांगत. मीं उतरवली नाहीं. शाल परत न्या."

"अरे, उपास नसता तर पोचला असतास, असेंच गांव म्हणणार."

"मग पुढल्या एकादशीस पुन्हा धावतों. पाण्यावांचून."

"गाडी आधींच सांगून ठेवतें," भागीरथी म्हणाली. बुवा हसले. व्यंकोजी हसला नाही.

पुढच्या एकादशीला ना साहेब होता, ना बँड. तंजावरहून तो एकटाच निघाला, त्याच उन्हात, आजोबांच्या चालीनं. वाटेवरचं कुणी पुढे गेलं तर जाऊ देई. श्वास तोंडाला आला की चालू लागे, परतला की धावे. तिरुवलंचुळीचं देऊळ मागं पडलं तेव्हा तो पायांवर उभा होता. पण ही चाल सावकाशीची, आणि सूर्य कुणासाठी थांबत नाही. तो तळ्यावर पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती.

पायऱ्यांवर शेषाद्रीबुवा आणि भागीरथी वाट पाहात होती. "सूर्य बुडाला रे," बुवा हळहळले.

"बुडाला. वेळ चुकलों," व्यंकोजी म्हणाला. "पण उपाशी पायांनीं पोचलों कीं नाहीं, तें बोला."

"पोचलास," बुवा म्हणाले. भागीरथीला त्याचे फुटलेले ओठ पाहवले नाहीत. व्रतबीत विसरून तिनं तळ्यातून तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं नकाराची मान हलवली. "सकाळीं."

तिनं वाद घातला नाही. खाली बसली आणि तांब्या त्याच्या सुजलेल्या पायांवर हळूहळू रिकामा केला.

"पंधरा दिवसांनीं पुढली आहे," व्यंकोजी म्हणाला.