आत्याला समुद्र दाखवायला निघालो तेव्हा

आमच्या घरी चार माणसं जमली की कोकणच्या सहलीचा विषय निघतोच. सहल आठवड्याची, पण सांगणं अजून संपलेलं नाही! प्रत्येक वेळी कुणीतरी "अरे, ते सांग ना" म्हणतं आणि आणखी एक किस्सा बाहेर येतो.

सात सीटांच्या गाडीत आम्ही पाच जण. दादा स्टिअरिंगवर, बाजूला बाबा, मधल्या सीटवर आई, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नरखेडकडे संत्र्याच्या बगीच्यात राहते. समुद्र पाहायची तिची फार जुनी हौस. यजमान होते तेव्हा जमलं नाही, आणि ते गेल्यावर "बगीचा सोडून कशी येऊ?" म्हणत ती दर वर्षी टाळत राहिली. शेवटी एका डिसेंबरात बाबा तिच्या घरी गेले, कपाटातल्या चार साड्या बॅगेत कोंबल्या आणि बॅग गाडीत ठेवली.

"बॅग तर चालली समुद्र पाहाले. तुले यायचं असन तर ये!"

* * *

आत्याने येताना संत्र्याची पेटी आणलीच. ती बाबांनी स्वतःच्या पायाशीच ठेवून घेतली. पहिला टोलनाका आला. फास्टॅग वाचला गेला, दांडा वर झाला, दादा निघणार तेवढ्यात बाबा ओरडले, "थांब गा! टोलवाल्याले संत्रा देऊ दे!"

मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. मागच्या गाडीतला माणूस तणतणत उतरून आला. बाबांनी त्याच्याही हातात दोन संत्री ठेवली.

मग तो हळूच म्हणाला, "काका, पुढच्या टोलवर पण थांबणार का?"

* * *

दादाने मोबाईलवर मॅप लावला होता. त्यातली बाई "उजवीकडे वळा" म्हणाली की बाबा म्हणायचे, "सरळ घे गा. मले रस्ता माहीत आहे."

बाबा त्या भागात जन्मात गेले नव्हते! दोनदा आम्ही उसाच्या शेतात जाऊन थांबलो. दुसऱ्या वेळी आत्याला त्या बाईची दया आली.

"बिचारी सकाळपासून सांगून राहिली. कोणी आयकूनच नाही राहिलं!"

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लग्न झालेली दिसते."

* * *

कोल्हापूरच्या अलीकडे जेवायला थांबलो. वेटर वाढताना तीन वेळा म्हणाला, "रस्सा तिखट आहे हां, जपून."

आईने वाटीभर रस्सा पिऊन टाकला.

"छान आहे. आता तो तिखटवाला आणा!"

* * *

जेवणानंतर बाबा सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन शाल पांघरून झोपले. पुढे पेट्रोल भरलं, पाय मोकळे केले, निघालो. गाडी मजेत चालली होती. ना "हळू घे", ना "डिपर दे". आई तर म्हणालीसुद्धा, "आज किती शांत वाटून राहिलं, नाही?"

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"तुमचे वडील इथं पेट्रोल पंपावर आहेत."

मी मागे वळून शाल उचलली. खाली दोन उशा!

गाडी वळवून परत आलो. आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं. बघतो तर बाबा पंपावरच्या पोरांच्या डब्यात जेवायला बसलेले. तासाभरापूर्वीच पोटभर जेवलेला माणूस!

आम्हाला बघून चेहरा पडला. "एवढ्या लवकर काहून आले गा? ताक यायचं आहे अजून."

* * *

दुसऱ्या दिवशी समुद्र दिसला तेव्हा दुपार कलली होती. आत्याने चपला काढून हातात घेतल्या आणि पाण्यापर्यंत गेली. पहिली लाट पायावर आली तशी तिने हात जोडले. बराच वेळ उभी होती. आता ही रडणार, असं वाटून बाबा लांब जाऊन उगाच शिंपले वेचायला लागले.

मग आत्याने पिशवीतून मोबाईल काढला आणि रामटेकजवळच्या गावात असलेल्या तिच्या बालमैत्रिणीला, सुमनला, फोन लावला. इतक्या घाईत निघाली होती की सुमनला काही सांगितलंच नव्हतं. स्पीकर चालू केला.

"सुमन, मी कुठी आहो सांग बरं?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने फोन लाटांसमोर धरला. चांगला हात लांब करून!

"आयकू येऊन राहिलं का वं?"

पलीकडून सुमन जिवाच्या आकांताने ओरडली, "काईच आयकू नाही येऊन राहिलं! आधी ते विहिरीवरची मोटर बंद कर, मंग बोल!"

आत्याने समुद्राकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग फोन तोंडाशी नेऊन तिच्याहून मोठ्यांदा ओरडली,

"बंद नाही होत वं हे!"