टोक खाली

दूध वर येत होतं आणि दार वाजलं. मी गॅस बंद करेपर्यंत धाकटे दीर उठून गेलेसुद्धा. बंदर कचेरीचा शिपाई होता. लिफाफा देताना म्हणाला, "माझ्यावर चिडू नका हं, मी नुसता आणून देतो."

"तुझ्यावर कशाला चिडू? चहा घेतोस?" भाऊजींनी विचारलं. एरवी चहाला कधी नाही न म्हणणारा तो, थांबला नाही. तेव्हाच कळलं, आत काय आहे ते.

भाऊजी एकतीस वर्षं शिडाची होडी चालवतात. हौशी लोकांना फिरवून आणायचं, हेच काम. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "एक सांभाळतोय की! वारा पडला की रुसून बसते." दोन वर्षांपूर्वी मालकाने होडीला इंजिन बसवलं आणि तिला लागू असलेले नियम बदलले. शिडं वर असली तरी इंजिन चालू केलं की ती मोटारबोटच धरायची, शिडाच्या होडीला वाट द्यायची आणि काळा शंकू टोक खाली करून पुढे टांगायचा. "एवढंसं इंजिन, आणि आमचं घराणंच बदललं होय!" भाऊजी हसले होते. शंकू मीच शिवला, जुन्या छत्रीच्या कापडाचा.

अपघात झाला त्या दुपारी वारा मंदावला. भाऊजींनी इंजिन सुरू केलं, शिडं तशीच ठेवली. समोरून एक छोटी शिडाची होडी आली. वारा भाऊजींच्या उजव्या अंगाला, तिच्या डाव्या. दोघं नुसत्या शिडावर असते तर नियमाने वाट भाऊजींची. जुन्या सवयीने हात सुकाणूवर तसाच राहिला. समोरच्याने इंजिन ऐकलं, हा वळेलच म्हणून तोही सरळ आला. होड्या आदळल्या, त्याचं मनगट मोडलं.

शंकू होडीवर नव्हताच. नाडी तुटली म्हणून तीन आठवडे माझ्या शिवणाच्या टोपलीत पडून होता. उद्या लावते, उद्या लावते. चौकशीत भाऊजींनी यातलं अक्षर काढलं नाही.

लिफाफ्यात तेच होतं: भाऊजींचा परवाना रद्द. "वरच्या साहेबांकडे अर्ज कर ना," आमचे हे म्हणाले.

"काय लिहू, दादा? इंजिन चालू होतं. शंकू टांगला असता तरी मी वळलो नसतो. डोक्यात शिडंच होती."

माझी नजर शिवणाच्या टोपलीकडे गेली.

भाऊजींनी टोपलीतून शंकू काढून माझ्यापुढे ठेवला. "वहिनी, एवढी नाडी लावून द्या. सोमवारी होडी दुसऱ्याच्या हातात जातेय."